केमोथेरपी चालू असताना खायचं कसं? मळमळ, बिघडलेली चव आणि वजनाचा हिशेब

केमोथेरपी सुरू झाली की बहुतेक घरांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. रुग्णाची अन्नावरची वासना उडते आणि बाकी सगळ्यांची नजर त्याच्या ताटावर खिळते. "दोन घास तरी खा" हे वाक्य रुग्णाला दिवसातून दहादा ऐकावं लागतं. त्यातच भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो: साखर बंद करा, दूध बंद करा, गव्हांकुराचा रस सुरू करा, फक्त फळं खा. तपासणीला येणारे रुग्ण आणि नातेवाईक मला सगळ्यांत जास्त प्रश्न औषधांबद्दल नाही, जेवणाबद्दल विचारतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा काळ नेहमीच्या 'पथ्याचा' नाही. तेल-तूप कमी, भाज्या-कोशिंबिरी जास्त, हा सल्ला एरवी उत्तम आहे. पण मळमळ होणाऱ्या, चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाला तो लागू केला तर पोटात फक्त पाणी आणि चोथा जातो, ताकद जात नाही. केमो चालू असताना जेवणाचा मुख्य उद्देश वजन आणि स्नायू टिकवणं हा असतो. वजन झपाट्याने उतरलं की अशक्तपणा वाढतो, औषधांचे दुष्परिणाम सोसवत नाहीत आणि कधी कधी पुढचा डोस पुढे ढकलावा किंवा कमी करावा लागतो. उपचार ठरलेल्या तारखेला आणि पूर्ण मात्रेत व्हावेत, यासाठी खायचं.

वजनाचा काटा

घरातल्या एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर आणि नाश्त्याआधी वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. ६० किलोच्या माणसाचं वजन ३ किलोने उतरलं, म्हणजे मूळ वजनाच्या ५ टक्के, की ती दखल घेण्याची गोष्ट झाली. मग पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना सांगा. पायावर सूज असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर काटा फसवतो. वजन तेवढंच दिसतं आणि दंड, मांड्या मात्र बारीक होत जातात. अशा वेळी अंगावरचे कपडे, हातातल्या बांगड्या किती सैल झाल्या ते बघा.

सगळ्यांचं वजन उतरतंच असंही नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या अनेक स्त्रियांचं वजन उलट वाढतं. तुमचं वजन वाढत असेल तर खाली सांगितलेलं तूप-साय तुमच्यासाठी नाही, प्रथिनं मात्र आहेत.

एका दिवसाचा नाही, एकवीस दिवसांचा विचार करा

बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी दिल्या जातात. या २१ दिवसांत भूक सारखी नसते. पहिले चार-पाच दिवस सगळ्यांत वाईट जातात. त्यानंतर मळमळ ओसरते, पण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि तोंड येण्याची शक्यताही याच सुमारास असते. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांची भूक बऱ्यापैकी परत येते.

याचा सरळ अर्थ असा, की पहिल्या तीन-चार दिवसांत ताटावरून भांडण करू नका. त्या दिवसांत पाणी, पेज, ताक, सरबत, जे पोटात टिकेल ते पुरे. गमावलेलं भरून काढायचं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा मनापासून. दुर्दैवाने घरोघरी उलटं होतं. पहिल्या आठवड्यात सक्ती होते आणि तिसऱ्या आठवड्यात "आता खातोय ना" म्हणून सगळे निर्धास्त होतात. केमो दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला असेल तर हे चक्र लहान होतं. तुमचे चांगले दिवस कोणते, ते दोन फेऱ्यांत वहीवरून तुमच्या लक्षात येईल.

मळमळीचं औषध घड्याळ बघून घ्या

केमोचं औषध रक्तात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते मज्जातंतूमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला खबर देतं. ऑनडान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं ही खबर मध्येच अडवतात. पण मळमळ इथेच संपत नाही. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत येणारी मळमळ वेगळ्या वाटेने येते आणि तिच्यासाठी डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट, ओलान्झापिन यांसारखी वेगळी औषधं लागतात. म्हणूनच चिठ्ठीवर तीन-तीन गोळ्या लिहिलेल्या असतात.

अनेक जण त्या 'लागल्या तर घेऊ' म्हणून बाजूला ठेवतात. इथेच गाडी रुळावरून घसरते. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही आणि पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच मळमळायला लागतं. ही मनाची कमजोरी नाही, शरीर तसं शिकतं. एकदा शिकलं की ते विसरायला लावणं अवघड, त्यामुळे पहिल्या फेरीतच मळमळ काबूत ठेवणं महत्त्वाचं. चिठ्ठीत जितके दिवस लिहिले आहेत तितके दिवस, बरं वाटत असलं तरी, गोळ्या घ्या. 'गरज पडल्यास' असं लिहिलेली गोळी वेगळी असते. ती कोणती, ते केमोच्या खोलीतल्या सिस्टरांकडून समजून घ्या.

ओलान्झापिनबद्दल दोन शब्द. हे मुळात मानसिक आजारांसाठीचं औषध. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवर ते कळलं की घरात घबराट होते आणि गोळी गुपचूप बंद केली जाते. कृपया तसं करू नका. उलटीसाठी ते लहान मात्रेत आणि थोडे दिवस दिलं जातं. त्याने झोप येते, म्हणून ते रात्री घ्यायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमची मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि सुस्ती कमी आली. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेच्या २०२३ मधल्या चाचणीत याच छोट्या मात्रेने जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची भूक आणि वजन सुधारल्याचं दिसलं. भूक अजिबातच लागत नसेल तर याबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

ऑनडान्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते. पोट साफ नसलं की भूक मरते आणि मळमळ वाढते, आणि सगळे दोष केमोला देतात. दोन-तीन दिवस शौचाला झालं नसेल तर सौम्य रेचक मागून घ्या. डेक्सामेथासोनने रक्तातली साखर वाढते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत जेवण तोडू नका, औषधाची मात्रा बदलून घ्या.

केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ करू नका

हे थोडं विचित्र वाटेल. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टीन या अमेरिकी संशोधिकेने केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइसक्रीम दिलं. नंतर तेच आइसक्रीम पुढे केल्यावर बहुतेक मुलांनी ते नाकारलं. मळमळ औषधामुळे झाली होती, पण शरीराने दोष आइसक्रीमला दिला. मोठ्यांचंही असंच होतं. 'बरं वाटावं' म्हणून आई नेमकी केमोच्या दिवशी पुरणपोळी किंवा मटणाचा रस्सा करते आणि मग तो पदार्थ वर्षभर डोळ्यांसमोर नकोसा होतो. त्या दिवशी साधं, ज्याचं काही वाटणार नाही असं खा: मऊ भात, इडली, टोस्ट, केळं. अगदी उपाशीपोटीही जाऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. आवडीचं तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

फोडणी, वास आणि स्वयंपाकघर

मळमळीला सगळ्यांत जास्त चिथावतो तो वास. लसणाची फोडणी, तळणाचं तेल, मासळी, कुकरची वाफ. पदार्थ जितका गरम तितका वास जास्त, म्हणून कोमट किंवा गार पदार्थ सोसतात: दहीभात, ताक, गार केलेली खीर, कापून ठेवलेलं पनीर. स्वयंपाक होताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत बसावं आणि वाढण्याआधी खिडक्या उघडाव्यात.

पण स्वयंपाक करणारी बाईच रुग्ण असेल तर? आपल्याकडे हे फार घडतं. केमो घेऊन आलेली स्त्री दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी असते, फोडणीच्या वासाने ओकारी काढते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं गार जेवण जेवायला बसते, तोवर भूक मेलेली असते. तिच्या आहाराचा तक्ता बनवण्याआधी पहिले पाच दिवस चूल कोण सांभाळणार ते ठरवा. नवरा, मुलगा, जाऊ, शेजारीण, डबा, काहीही चालेल. आणि या काळात तिने सगळ्यांच्या आधी जेवायचं.

थोडंच खायचं, पण कसदार

तीन वेळच्या भरल्या ताटाऐवजी दर दोन-अडीच तासांनी वाटीभर खा. भूक लागण्याची वाट पाहू नका, ती लागेलच असं नाही. बहुतेकांना सकाळी जास्त जातं, तेव्हा दिवसाचं भक्कम खाणं सकाळीच उरका. पाणी जेवताना कमी आणि दोन खाण्यांच्या मधे भरपूर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जायला हवेत. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांत तर मूत्रपिंडांसाठी ते फार गरजेचं असतं.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, दोन पेले दुधात १३, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर शेंगदाण्यांत ७, दोन वाट्या घट्ट वरणात किंवा पिठल्यात १२, दोन मोठे चमचे दुधाच्या भुकटीत ४-५, आणि दिवसभराच्या भात-भाकरीत ८ च्या आसपास. बेरीज पासष्टच्या घरात जाते आणि यातला एकही पदार्थ महागडा डबा नाही. बाजारातली प्रथिनांची पावडर वाईट नसते, खाणं फारच कमी असेल तेव्हा उपयोगी पडते, पण ती पाण्यात कालवून जेवणाऐवजी देणं म्हणजे पैसे घालून उपास घडवणं. मूत्रपिंडं अशक्त असतील तर प्रथिनांची मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आपल्या घरातले आजाऱ्याचे पदार्थ मुळात चांगले आहेत, फक्त ते कसदार करायला हवेत. नुसती तांदळाची पेज म्हणजे बरंचसं पाणी. त्यात मूगडाळ शिजवा आणि वर चमचाभर तूप सोडा. गुरगुट्या भातावर मेतकूट आणि तूप. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. शिऱ्यात, खिरीत, अगदी चहातही दुधाची भुकटी. वरणात शेवग्याच्या शेंगा हव्यात तर घाला, पण आधी डाळ घट्ट करा. उकडलेलं अंडं भातात कुस्करून घातलं तर चावायचे कष्टही वाचतात. भाज्यांचं पातळ सूप देऊन 'आज सूप प्यायला' म्हणून समाधान मानू नका. त्यात जवळपास काहीच नसतं.

चव गेली, तोंड आलं

तोंडात धातूची चव येत असेल तर स्टीलची वाटी-चमचा बाजूला ठेवून काचेची वाटी आणि लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरा. जेवणाआधी चूळ भरा. आंबट चव बहुतेकांना शेवटपर्यंत लागते: लिंबू, कोकम, आवळा, कैरीचं पन्हं, चिंचेचं सार. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळून काहींना बरं वाटतं. औषधाची जागा तो घेत नाही.

तोंड आलं असेल तर मात्र आंबट-तिखट सगळं बंद. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करा. मऊ, गार, पातळ खा: दुधात भिजवलेली पोळी, कस्टर्ड, मऊ खिचडी. दुखतं म्हणून जेवणच टाळलं जात असेल तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं जेल मिळतं, ते मागा.

तुमचं औषध कोणतं, त्यावरही काही ठरतं

वर गार पदार्थांबद्दल लिहिलं, पण ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्यांनी ते वाचून सोडून द्यावं. या औषधानंतर काही दिवस गार पाण्यानेही घशात आवळल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात. सगळं कोमट घ्या. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात. ती घेत असाल तर फॉलिक अॅसिडची गोळी मनाने घेऊ नका, दुष्परिणाम वाढतात. इरिनोटेकानने जुलाब होतात. तेव्हा जलसंजीवनी, भात, केळं, ताक यावर राहा, दूध काही दिवस थांबवा आणि डॉक्टरांनी दिलेली जुलाबाची गोळी लगेच सुरू करा.

कच्चं आणि बाहेरचं

पांढऱ्या पेशी कमी असताना साधा पोटाचा संसर्गही महागात पडतो. उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, गाड्यावरची कापलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धकच्चं अंडं, न तापवलेलं दूध टाळा. अन्न ताजं शिजवलेलं असावं. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि परत खाताना उकळी येईपर्यंत गरम. फळं मात्र बंद करू नका. स्वच्छ धुऊन घरी सोललेलं केळं, संत्रं, पपई, डाळिंब बहुतेकांना चालतं. घरी विरजलेल्या दह्याबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात, पेशी खूप कमी असतील तर विचारून घ्या.

साखर, काढे आणि उपवास

'साखरेवर कर्करोग पोसतो' या वाक्यामागे खरं संशोधन आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं आणि पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तुम्ही साखर किंवा भात सोडला तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज कायम राखतं, त्यासाठी स्वतःचे स्नायू मोडतं. गाठ उपाशी राहत नाही, तुम्ही राहता. मधुमेह नसेल तर शिऱ्यातल्या साखरेची भीती बाळगू नका.

काढे, अर्क, भस्मं यांबाबत मी कडक आहे. जेवणातली हळद-आलं चालतं, त्यांच्या कॅप्सूल नकोत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, म्हणजे संसर्गाचा धोका वेगळाच. काही घेत असाल तर लपवू नका. आम्ही रागावलो तरी सांगा.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सोडवत नसेल तर निदान कोरडा उपवास नको. साबुदाणा जवळजवळ सगळा पिठूळ असतो, त्यात प्रथिनं नसल्यासारखीच. त्यात दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, सोबत दूध, राजगिऱ्याचा लाडू घ्या.

घराबाहेर राहत असाल तर

परळला टाटा रुग्णालयात उपचार घेणारी अनेक कुटुंबं गावाहून येऊन धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. तिथे वरच्या सल्ल्यातलं अर्धं जमत नाही. पिशवीत सातूचं पीठ, मेतकूट, दुधाची भुकटी, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे ठेवा. पाणी उकळायची सोय असली तर यांवर चार वाईट दिवस निघतात. चौकातल्या हॉटेलातली गरम इडली किंवा समोर उकडलेलं अंडं चालेल, चटणी नको. केमो संपवून एसटीने लांबचा प्रवास करायचा असेल तर मळमळीची गोळी सुटण्याआधी घ्या, आणि शक्य असेल तर एक रात्र थांबूनच निघा.

घरच्यांसाठी

रुग्ण जेवत नाही तेव्हा तो तुमच्या प्रेमाला नकार देत नसतो. वाटी शेजारी ठेवा आणि विषय बदला. "काय करू?" असं विचारू नका, मळमळणाऱ्याला त्याचं उत्तर देता येत नाही, "मऊ भात की इडली?" असं विचारा. अर्धी वाटी संपली तर उरलेल्या अर्धीबद्दल बोलू नका. आजार खूप पुढे गेलेला असतो तेव्हा भूक मंदावणं हा आजाराचाच भाग असतो. तिथे वजनाचा हा सगळा हिशेब मागे पडतो आणि आवडीचा एक चमचा पुरतो. तुमचा रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, नाहीतर दोघांचेही दिवस ताटावरच्या भांडणात जातात.

डॉक्टरांना लगेच कधी कळवायचं?

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नका. चोवीस तास पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसत असेल, जुलाब थांबत नसतील, गिळताच येत नसेल, किंवा आठवड्यात दोन किलो वजन उतरलं असेल, तर फोन करा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर ती परत घ्यायची का तेही विचारा. फोन करताना वजनाची वही आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी हाताशी ठेवा.